तारखेला जाता येणार नसेल तर

नमस्कार श्रोतेहो.

फौजदारी खटल्यात आरोपी म्हणून नाव लागलं, जामीन झाला, की प्रत्येक तारखेला कोर्टात हजर राहायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण एखाद्या तारखेला जाता येणार नसेल, तर कोर्टाकडे तशी परवानगी मागता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या अर्जाला गैरहजेरी माफीचा अर्ज म्हणतात. वकील मंडळी बोलताना ‘एक्झम्प्शन’ म्हणतात. आज मला त्या एका कागदाबद्दल बोलायचं आहे. कारण तो कागद वेळेवर दिला नाही म्हणून काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे.

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करत होते तेव्हाची ही गोष्ट. बांधावरून भावकीत भांडण झालं, काठ्या निघाल्या, आणि फिर्यादीत पाचजणांची नावं आली. त्यात चौथं नाव एका आजींचं. वय सत्तरीच्या पुढं. आजींनी शिव्या दिल्या आणि हातात दगड घेतला, असं फिर्यादीत लिहिलेलं.

आरोपी हा शब्द ऐकला की लोक त्या माणसाकडे बघायच्या नजरा बदलतात. आरोपी म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो, एवढंच. गुन्हा केला की नाही हे अजून ठरायचं असतं. हे मी कुठंही बोलले तरी सांगते, आजही सांगते.

तर आजी. त्यांचं गाव लांब. दोन एस.ट्या बदलून साडेदहाला त्या कोर्टाच्या आवारात यायच्या. पुकारा कधी बाराला, कधी तीनला. कधी साक्षीदार आलेला नसायचा, कधी साहेब रजेवर. मग पुढची तारीख घेऊन परत दोन एस.ट्या. व्हरांड्यात एक बाकडं, तेही भरलेलं, म्हणून आजी जिन्याच्या पायरीवर बसायच्या. कोर्टात म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा आणि बायकांना स्वच्छ मोरी असलीच पाहिजे. इमारतीला रंग नंतर द्या, आधी हे करा, असं माझं ठाम मत आहे.

एका तारखेच्या आदल्या संध्याकाळी आजी हौदाजवळ घसरल्या, पाय मुरगळला. मुलगा म्हणाला, “आम्ही चौघं जातोय की. तू एकटी नसलीस तर काय होतंय?” मला कुणी कळवलं नाही. पुकारा झाला तेव्हा मी वरच्या मजल्यावर दिवाणी कोर्टात उलटतपासणीत अडकलेले. खाली शिपायानं आजींचं नाव तीनदा पुकारलं. मुलगा नुसता म्हणाला, “आई नाही आली.” अर्ज नाही, डॉक्टरचा कागद नाही, वकील जागेवर नाही. मी खाली आले तोवर रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या रोजच्या नोंदीत, लिहून झालं होतं: आरोपी क्रमांक चार गैरहजर, वॉरंट काढावे.

दोन-तीन आठवडे गेले. मृगाच्या तोंडावरचे दिवस, आजी ओसरीवर बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेल्या. हवालदार दारात आला. माणूस चांगला होता, म्हणाला, “आजी, उद्या आपणहून कोर्टात जा, वकिलांना भेटा.” पण गल्लीनं बघायचं ते बघितलंच. त्या रात्री आजी जेवल्या नाहीत, असं सुनेनं मला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला. आजी आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या, एका पायावर भार देऊन. न्यायाधीशांनी विचारलं, “आजी, त्या तारखेला का आला नाहीत?” आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी कमरेची चंची सोडली. आत सुपारीच्या खांडांशेजारी दोऱ्यानं बांधलेली एक गड्डी होती. एस.टी.ची तिकिटं. ज्येष्ठ नागरिकांची अर्धी तिकिटं, पहिल्या तारखेपासूनची. म्हणाल्या, “साहेब, समद्या तारखांची हायती. म्या कवा चुकवली न्हाई. ही एकच चुकली.”

शिरस्तेदारांनी, म्हणजे कोर्टाच्या कारकुनांनी, गड्डी वर दिली. साहेब एकेक तिकीट उलटत होते. मशीनमधून निघालेली ती तिकिटं, त्यांच्यावरची शाई टिकत नाही. निम्म्याच्या वर तिकिटं पांढरीफटक पडलेली. आजींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे ती कोरी झालीत हे त्यांच्या गावीही नव्हतं. साहेबांनी त्यातलं एक खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. मग रोजनामा मागवून पानं मोजली. सव्वीस तारखा, पंचवीस तारखांना आजी हजर.

वॉरंट तिथल्या तिथं रद्द झालं. आणि मग साहेब माझ्याकडे वळले. “वकीलबाई, पंचवीस तारखांत या बाईंसाठी कायम हजेरी माफीचा अर्ज एकदाही का आला नाही?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजी येत होत्या, म्हणून मी मागितलं नव्हतं. त्या न कुरकुरता पायरीवर बसून राहायच्या, म्हणून माझ्या ते डोक्यातच आलं नाही. ती चूक माझी होती. त्यानंतर म्हातारं माणूस, गरोदर बाई, अपंग, लांब नोकरीला असलेला मुलगा, असा कुणीही पक्षकार आला की वकीलपत्राबरोबरच मी हा अर्ज तयार करू लागले.

आजींचा अर्ज मी त्याच दुपारी दिला आणि त्याच दुपारी तो मंजूर झाला. बाहेर आल्यावर आजी मला म्हणतात, “मग आता हितं काय चाललंय, मला कोण सांगनार?” तेव्हापासून प्रत्येक तारखेच्या संध्याकाळी त्यांच्या नातवाच्या फोनवर मी फोन करत असे.

आता कायदा थोडक्यात सांगते. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम २२८ खाली दंडाधिकारी समन्स काढताना आरोपीला स्वतः येण्यापासून सूट देऊन वकिलामार्फत हजर राहू देऊ शकतात. हे जुनं २०५. कलम ३५५ खाली खटला चालू असताना, कारण नोंदवून, आरोपीच्या गैरहजेरीत काम पुढे चालवता येतं. हे जुनं ३१७. दोन्हींत वकील हवाच. वकील नाही, तर माफी नाही. नव्या ३५५ मध्ये दृक्-श्राव्य माध्यमातून लावलेली हजेरीही धरली आहे, म्हणून पाय मोडून अंथरुणावर असाल तर वकिलांना तेही विचारा.

अर्ज दोन तऱ्हेचा. एक त्या दिवसापुरता: ताप आहे, परीक्षा आहे, घरात मयत झाली. जे खरं असेल ते लिहा आणि त्याचा कागद जोडा. खोटा दाखला कधीही जोडू नका, एकदा विश्वास गेला की पुढचा खरा अर्जही अडतो. दुसरा कायम माफीचा. त्यात कोर्टाला लिहून द्यावं लागतं की, माझी ओळख मी नाकारणार नाही, माझे वकील प्रत्येक तारखेला हजर राहतील, माझ्या गैरहजेरीत साक्षी घ्यायला माझी हरकत नाही, आणि बोलावलं की मी येईन. सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली भास्कर इंडस्ट्रीज विरुद्ध भिवानी डेनिम या चेकच्या खटल्यात हाच मार्ग घालून दिला आणि योग्य प्रकरणात पहिल्या तारखेपासूनही सूट देता येते, असं सांगितलं.

माफी हा हक्क नाही. देणं न देणं कोर्टाच्या हातात आहे, आणि दिलेली माफी कोर्ट काढूनही घेऊ शकतं. आणि वेळ पाळा. अर्ज पुकाऱ्याच्या आधी. पुन्हा सांगते, अर्ज पुकाऱ्याच्या आधी. त्यासाठी वकिलांना आदल्या दिवशीच फोन करा, ते दुसऱ्या कोर्टात उभे असू शकतात.

चुकलंच, वॉरंट निघालंच, तर लपून बसू नका. वॉरंट वाट बघून संपत नाही. ते बजावलं जाईपर्यंत किंवा कोर्ट रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. आपणहून जा आणि रद्दचा अर्ज द्या. जामिनावर असताना पुरेशा कारणाशिवाय हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली वेगळा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

माफी असली तरी काही दिवशी कोर्ट बहुधा बोलावतंच: दोषारोप वाचून दाखवायच्या दिवशी, साक्षीदारानं ओळखायचं असेल तेव्हा, आरोपीचा जबाब घ्यायच्या दिवशी, आणि निकालाच्या दिवशी.

आजीही निकालाला आल्या. पाचही जण निर्दोष सुटले. आवारात आजींनी चंची सोडली, त्या दिवशीचं तिकीट काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “वकीलबाई, ह्याच्या मागं पेनानं तारीख लिवा. वरलं उडतंय म्हनं.”

मी लिहून दिली. नमस्कार.