ओर्विएतो : मऊ दगडाचं गाव

[दृश्य : दरीतलं धुकं, वर उभा कडा]

रोमहून फ्लोरेन्सकडे निघालेल्या गाडीत डाव्या बाजूच्या खिडकीशी बसावं. तासा-सव्वा तासानं दरीच्या पलीकडे एक सरळ उभा कडा दिसतो आणि त्याच्या माथ्यावर गाव. खडक कुठं संपला आणि भिंत कुठं सुरू झाली, हे लांबून कळत नाही, कारण घरं त्याच दगडातून बांधलेली आहेत. हे उंब्रिया प्रांतातलं ओर्विएतो.

तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी बोल्सेना परिसरातल्या ज्वालामुखींनी राखेचे लोट ओकले. ती राख घट्ट होऊन हा दगड झाला. इटालियनमध्ये त्याला तुफो म्हणतात. कुदळीनं खणता येईल इतका तो मऊ आहे, पण कापला की सरळ उभा राहतो. त्याच्या खाली चिकणमाती आहे. माथ्यावर पडलेलं पाणी दगडात झिरपतं, मातीवर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. गावाला संरक्षण मिळालं ते या कड्यामुळे, आणि पाण्याचा वनवास आला तोही त्याच्यामुळेच. गावात फिरताना एवढं लक्षात ठेवलं की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

बहुतेक वेगवान गाड्या ओर्विएतोला न थांबता निघून जातात. म्हणून रिजनल किंवा इंटरसिटी गाडीचं तिकीट काढायचं. रिजनलचं छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. तो नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. भाड्याची मोटार घेऊन येणारे वेगळ्याच ठिकाणी अडकतात. जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि वेशीवर कॅमेरे आहेत. पाटीवर ‘वार्को आत्तीवो’ अशी अक्षरं उजळलेली असतील तर कॅमेरा चालू आहे. दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं, आणि भाडे कंपनी त्यात स्वतःचा आकार जोडते. मुक्काम गावात असेल तर हॉटेलला गाडीचा नंबर आधीच कळवावा. नाहीतर गाडी कड्याखाली कांपो देला फिएराच्या वाहनतळावर ठेवावी. तिथून सरकते जिने आणि लिफ्ट थेट गावात नेतात.

[दृश्य : फ्युनिक्युलरचा डबा बोगद्यात शिरतो]

रेल्वेनं आलात तर स्टेशनच्या समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोरानं ओढली जाणारी चढावरची गाडी आहे. ती १८८८ मध्ये सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं. तो जड होऊन खाली उतरताना दोराच्या दुसऱ्या टोकाचा डबा वर खेचायचा. १९७० मध्ये ती बंद पडली आणि १९९० पासून विजेवर धावते आहे. दोनेक मिनिटांत आपण प्यात्सा काहेन या चौकात पोहोचतो. तिथं कॅथेड्रलकडे जाणारी छोटी बस उभी असते आणि सगळे तिच्यात चढतात. आमचा सल्ला असा की चढू नका. गावाची सोळाव्या शतकातली विहीर इथून पाच मिनिटांवर आहे आणि सकाळी तिथं गर्दी कमी असते.

१५२७ मध्ये परकीय सैन्यानं रोम लुटलं. पोप क्लेमेंट सातवे निसटून ओर्विएतोला आले. इथं वेढा पडला तर शत्रूला चढाई करायची गरजच नव्हती, तहान पुरेशी होती. म्हणून त्यांनी वास्तुविशारद अंतोनियो दा सांगालो धाकटा याला विहीर खोदायला सांगितलं. काम १५३७ मध्ये संपलं. तोवर पोप वारले होते. हीच ती पोत्सो दि सान पात्रित्सियो, म्हणजे सेंट पॅट्रिकची विहीर.

विहीर ५० मीटरांहून खोल आणि सुमारे १३ मीटर रुंद आहे. दोर-बादलीनं एवढ्या खोलीतून अख्ख्या गावाचं पाणी काढायचं तर दिवस पुरला नसता. म्हणून पाणी खेचरांच्या पाठीवरून आणायचं ठरलं. पण उतरणारं आणि चढणारं खेचर समोरासमोर आलं तर वाट अडणार. सांगालोनं मधल्या पोकळीभोवती दोन गोल जिने एकमेकांत गुंफले. दोन दारं, दोन जिने, आणि ते वाटेत कुठंही मिळत नाहीत. एकानं उतरायचं, तळाशी छोटा पूल ओलांडायचा आणि दुसऱ्यानं वर यायचं. आपल्याकडच्या बारवेत ज्या पायऱ्यांनी उतरतो त्याच पायऱ्यांनी वर येतो; इथं तसं नाही. पोकळीच्या भिंतीत ७० खिडक्या आहेत आणि वरचा उजेड त्यांतूनच जिन्यात येतो. उतरताना भिंतीकडे पाहत राहा. वर उघडा तुफो दिसतो. चिकणमातीचा थर लागतो तिथं विटांचं बांधकाम सुरू होतं, कारण माती कापून तशीच उभी राहत नाही.

जाताना २४८ पायऱ्या आणि येतानाही २४८. पायऱ्या ठेंगण्या आणि रुंद आहेत, खेचरांच्या पावलांसाठी केलेल्या. त्यामुळे चढ सोपा वाटतो आणि लोक भरभर चढतात. मग शेवटच्या टप्प्यात दम लागतो. तळाशी दगड ओला असतो. गुडघेदुखी असेल त्यांनी वरूनच पाहावं, लिफ्ट नाही.

[दृश्य : कोर्सो कावूर, दुकानं, घंटेचा आवाज]

पुढे कोर्सो कावूर या मुख्य रस्त्यानं चालत कॅथेड्रलच्या चौकात यावं. तिथंच भूमिगत ओर्विएतोची तिकिटं मिळतात. वाटाड्याशिवाय आत सोडत नाहीत आणि इंग्रजी फेऱ्या ठरलेल्या वेळीच असतात. म्हणून आल्याआल्या तिकीट घेऊन वेळ पक्की करावी.

गावाखाली हजारावर पोकळ्या आहेत. रोमनांच्या आधी इथं राहणाऱ्या एट्रुस्कन लोकांनी सुरुवात केली. त्यांचं नगर वेल्झ्ना. रोमनांनी ते इ.स.पू. २६४ मध्ये उद्ध्वस्त केलं आणि वस्ती बोल्सेनाकडे हलवली. मागे राहिलं ते जुनं शहर, लॅटिनमध्ये ‘उर्ब्स वेतुस’. ओर्विएतो हे नाव त्यातूनच आलं. एट्रुस्कनांच्या उभ्या चौकोनी विहिरींच्या भिंतींत समोरासमोर खोबण्या आहेत. कामगार त्यांत पाय रोवून चढ-उतार करायचे. नंतरच्या शतकांत लोकांनी याच दगडात तेलघाणे, कोठारं आणि कबुतरखाने कोरले. कबुतरखान्याच्या भिंतींत चौकोनी कप्प्यांच्या रांगा आहेत आणि बाहेर कड्यात एक खिडकी. कबुतरं स्वतः उडून दाणापाणी मिळवत, परत येऊन आतच अंडी घालत. वेढ्याच्या काळातही ताटात मांस येई. आत वर्षभर गारवा असतो, म्हणून भर उन्हाळ्यातही हलकं जाकीट जवळ ठेवावं. एका ठिकाणी जिना फार अरुंद आहे. मोठी पाठपिशवी तिथं अडते.

एवढं पोखरलेला दगड टिकतो कसा? सहज टिकला नाही. १९७० च्या दशकात कड्याचे भाग कोसळले. गळक्या नळांचं आणि गटारांचं पाणी खडकात मुरत होतं. १९७८ मध्ये ओर्विएतो आणि तोदी या दोन गावांसाठी खास कायदा झाला. खडकात लोखंडी सळया घालून तो आवळला गेला, पाण्याच्या वाहिन्या नव्यानं टाकल्या गेल्या. कड्याच्या पायथ्यानं सुमारे ५ किलोमीटरची वाट जाते, तिथं हा कडा जवळून पाहता येतो. याच पायथ्याशी क्रोचिफिस्सो देल तुफो हे एट्रुस्कन दफनस्थान आहे. दगडी खोल्या गल्लीत घरं असावीत तशा ओळीनं मांडल्या आहेत आणि दारावर कुळाचं नाव कोरलेलं आहे. वेळ थोडा असेल तर दुकानं सोडा, हे सोडू नका.

जेवणाचं थोडक्यात. दुपारी अडीचनंतर बहुतेक स्वयंपाकघरं बंद होतात. उंब्रिकेल्ली हा जाड शेवयांसारखा पास्ता फक्त पीठ-पाण्याचा असतो. पण शाकाहारी लोकांनी विचारून घ्यावं; ट्रफलच्या सॉसमध्येही अनेकदा अँचोव्ही मासे असतात. ‘सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असं दोन्ही सांगायचं. नुसतं ‘कार्ने’ नको म्हटलं तर मासे येऊ शकतात. बेकरीतला लुमाकेल्ला हा गोगलगायीच्या आकाराचा पाव साधा दिसतो, पण त्यात चीजबरोबर डुकराचं मांस असतं.

[दृश्य : कॅथेड्रलचा दर्शनी भाग, उन्हाची तिरीप सरकते]

कॅथेड्रल दुपारसाठी राखून ठेवावं. त्याचा दर्शनी भाग नैऋत्येकडे तोंड करून आहे. सकाळी त्यावरचे मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं, सावलीत निस्तेज दिसतात आणि दुपार कलली की पेटून उठतात. बांधकाम १२९० मध्ये सुरू झालं. १३१० पासून लोरेन्झो मैतानी प्रमुख होता. बाजूच्या भिंतींवर पांढरा ट्रॅव्हर्टाइन आणि काळा बेसाल्ट यांचे आडवे पट्टे आहेत. सोनेरी मोझेकची नंतर पुष्कळदा डागडुजी झाली आहे. खरं १४ व्या शतकातलं काम पाहायचं तर नजर खाली आणावी, दारांच्या बाजूच्या चार शिल्पपट्टांवर. डावीकडून वाचायला सुरुवात करा : आदमच्या बरगडीतून इव्ह जन्मते. शेवटच्या, उजव्या पट्टावर अंतिम निवाडा आहे, म्हणजे जगाच्या शेवटी मेलेल्यांना उठवून देव करतो तो न्याय.

आत उजवीकडे सान ब्रित्सियोची उपासनागृह-खोली. १४४७ मध्ये फ्रा आंजेलिकोनं छत रंगवायला घेतलं आणि काम अर्धवट राहिलं. १४९९ ते १५०४ मध्ये लुका सिन्योरेल्लीनं ते पूर्ण केलं. मातीतून उठणारे, हाडांवर पुन्हा मांस चढलेले देह त्यानं असे काढले की एकेक स्नायू मोजता येतो. मायकेलँजेलोनं सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर अंतिम निवाडा रंगवायला घेतला तो यानंतर तीस वर्षांनी. डावीकडच्या भित्तिचित्राच्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांत दोघं उभे आहेत : सिन्योरेल्ली आणि त्याच्या मागे फ्रा आंजेलिको. मान वर करून पाहावं लागतं, म्हणून बाकावर बसून, एकेक भिंत घेऊन निदान अर्धा तास द्यावा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना थांबावं लागतं.

बाहेर आल्यावर समोरच्या कट्ट्यावर बसा. शेवटच्या फ्युनिक्युलरची वेळ सकाळीच पाहून ठेवलेली असेल, तर ऊन वरच्या मोझेकवरून उतरेपर्यंत उठायची घाई नाही.