वाघ मे महिन्यात, हिमशिखरं नोव्हेंबरात: कुमाऊंच्या सहलीचं गणित

श्रोतेहो, नमस्कार.

सहल कंपन्यांच्या पत्रकात एक ओळ हमखास सापडते: ‘हिमशिखरं, प्राचीन मंदिरं आणि जंगल सफारी. सात रात्री, आठ दिवस.’ उत्तराखंडातल्या कुमाऊंची ही सहल मुंबईकरांच्या आवडीची, आणि आवड रास्तच आहे. कॉर्बेटच्या जंगलाचं रामनगर ते हिमशिखरांसमोरचं कौसानी हे अंतर साधारण दीडशे किलोमीटर. कौसानीहून जागेश्वरची मंदिरं नव्वदच्या आत-बाहेर. इतक्या जवळ या तिन्ही गोष्टी देशात फार थोड्या ठिकाणी आहेत. अडचण अंतराची नाही, वेळेची आहे. जंगलाचा हंगाम वेगळा, शिखरांचा वेगळा, आणि पत्रक छापणाऱ्याच्या सोयीचा तिसराच. पैसे भरण्याआधी हे जुळतंय का, ते पाहायला हवं.

हंगामापासून सुरुवात करू. वाघ दिसण्याची शक्यता सगळ्यात जास्त एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत. गवत वाळून खाली बसलेलं असतं, पाणवठे आटलेले असतात आणि जनावरं उरलेल्या पाण्याकडे येतात. नेमक्या याच दिवसांत हिमशिखरं दिसत नाहीत. मैदानावरची धूळ वर चढते, आणि डोंगरउतारावरच्या चीड वृक्षांच्या सुकलेल्या सुया, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, त्या पेट घेतात. वणव्यांचा धूर दऱ्यांत साचून राहतो. मे महिन्यात कौसानीच्या हॉटेलच्या गच्चीवर चार पहाटे उभं राहूनही समोर नुसता राखाडी पडदा, असं अगदी सहज होतं. हॉटेलवाला ‘उद्या दिसेल’ म्हणतो. त्याचं ऐकून मुक्काम वाढवू नका. पाऊस पडून गेल्याशिवाय ती धूळ बसत नाही.

उलट पावसाळा संपल्यावर हवा धुतलेली असते. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत शिखरं लख्ख दिसतात. पण इथे दुसरी मेख आहे. कॉर्बेटचा ढिकाला हा सगळ्यात नावाजलेला भाग पावसाळ्यात बंद असतो तो १५ नोव्हेंबरला उघडतो. बिजराणी हा दुसरा भाग महिनाभर आधी, १५ ऑक्टोबरला. म्हणजे मुलांची दिवाळीची सुट्टी साधून जाणाऱ्यांच्या वाट्याला ढिकाला बहुतेक वर्षी येतच नाही. आणि नाताळच्या सुट्टीत? तेव्हा दिल्लीपासून रामनगरच्या तराईपर्यंत, म्हणजे डोंगरपायथ्याच्या सखल पट्ट्यापर्यंत, धुकं. गाड्या तासन् तास उशिरा, विमानं खोळंबलेली, आणि सकाळच्या सफारीत वीस पावलांपलीकडचं काही दिसत नाही.

म्हणून तिन्ही गोष्टी हव्या असतील तर दोनच खिडक्या उरतात. एक, १५ नोव्हेंबरनंतरचे दोन-तीन आठवडे. दुसरी, मार्च. मार्चमध्ये हवा नोव्हेंबरइतकी स्वच्छ नसते, पण बुरांश, म्हणजे तिथला ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो, अख्खा डोंगर लाल. फक्त वाघच पाहायचा असेल तर सरळ सांगतो, उन्हाळ्यात ताडोबाला जा. २०२२च्या गणनेत कॉर्बेटमध्ये २६० वाघ मोजले गेले, देशातल्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पापेक्षा जास्त. तरी दाट सालवन आणि हत्ती बुडेल एवढं गवत यांत ते सहजी नजरेला पडत नाहीत. कॉर्बेटला जायचं ते रामगंगेसाठी, सुसरींसाठी आणि रानहत्तींसाठी. त्यात वाघ दिसला तर भाग्य.

आता क्रम. बरेच आयोजक जंगल शेवटी ठेवतात, सहलीचा कळस म्हणून. ते चुकीचं आहे. सफारीचं परमिट ठरलेल्या तारखेचं, ठरलेल्या पाळीचं आणि नावावर असतं. डोंगरात दरड कोसळून अर्धा दिवस गेला तर मंदिर दुसऱ्या दिवशी पाहता येतं. सफारी मात्र गेली ती गेली. म्हणून जंगल आधी. त्यातही दिल्लीहून रामनगरला पोहोचल्या दिवशी दुपारची सफारी लावलेली असेल तर ती बदलून घ्या. दिल्ली ते रामनगर रस्त्याने सहा तास म्हणतात, गाझियाबादच्या कोंडीत आठ होतात. पहिली रात्र रामनगरला मोकळी, सफारी दुसऱ्या दिवसापासून, आणि किमान तीन पाळ्या. एकाच पाळीत साडेतीन तास धूळ खाऊन ‘जंगलात काही नसतंच’ म्हणत परतणारे पुष्कळ.

आयोजकाला विचारायचा पहिला प्रश्न: गेट कुठलं? ‘कॉर्बेट सफारी’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. बिजराणीला आमडंडा गेटातून जातात. झिरना आणि ढेला हे भाग बारमाही उघडे असतात. ढिकाल्यात एका दिवसापुरती जिप्सी सोडत नाहीत. तिथे एक तर वनखात्याच्या विश्रामगृहात मुक्काम मिळवायचा, नाही तर कॅन्टरमधून, म्हणजे उघड्या मिनी बसमधून, जायचं. ढिकाल्याच्या मुक्कामात जेवण शाकाहारी, मद्याला बंदी, आणि धनगढी गेटापासून आत ३१ किलोमीटर जंगलातून प्रवास. तोच एक सफारीसारखा असतो. या खोल्या फार थोड्या, म्हणून मोठ्या गटाच्या सहलीत त्या जवळजवळ कधीच नसतात. चार-सहा जणांनी मिळून स्वतंत्र जायचं ठरवलं तर मात्र प्रयत्न करावा.

आणि एक सावधगिरी. काही सहलींत ‘कॉर्बेट सफारी’ म्हणून सीताबनीला नेतात. सीताबनीचं जंगल देखणं आहे, पक्षी भरपूर, आत सीतेचं मंदिर आहे. पण ते व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेरचं वनक्षेत्र, परमिट मिळायला सोपं, म्हणून ऐनवेळी तेच गळ्यात मारलं जातं. जाणार असाल तर जाणून-बुजून जा.

जिप्सीत सहा प्रौढांना परवानगी असते. चार जणच बसवणार का, हे आधी ठरवून घ्या, वरचे पैसे पडले तरी. सहा जणांत मधल्याला दोन्ही बाजूंचं काही दिसत नाही. पाठीचा, कमरेचा त्रास असलेल्यांनी पुढच्या रांगेत बसावं. मागची बैठक उंच आणि चाकांच्या वर, त्यामुळे प्रत्येक खड्डा मणक्यात उतरतो. परमिटवर ज्या ओळखपत्राचा क्रमांक दिला, तेच मूळ ओळखपत्र गेटावर हवं. घरी आधार कार्ड दिलं आणि बरोबर पॅन कार्ड आणलं, किंवा काकांच्या जागी ऐनवेळी मामा आले, की गेटावर अडकलंच समजा.

प्रत्येक जिप्सीत नोंदणीकृत गाइड असतो. चांगला गाइड वेगात फिरवत नाही. इंजिन बंद करून थांबवतो. तो ऐकत असतो. चितळाचा तीक्ष्ण आवाज आला तर लगेच उसळू नका, चितळ पानाच्या सळसळीनेही घाबरतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, त्याकडे जरा जास्त लक्ष. सांबराने एकाच जागी उभं राहून खोल, ठसकेदार हाक पुन्हा पुन्हा दिली की बिबळ्या किंवा वाघ जवळ आहे असं जाणकार मानतात. अशा वेळी गाडीत गप्पा चालू असतील तर गाइडला दिशा कळत नाही, आणि संधी जाते ती आपल्याच तोंडामुळे. अत्तर नको, भडक कपडे नकोत, आणि निघण्यापूर्वी चहा अर्धाच प्या. आत गाडीतून उतरता येत नाही. नोव्हेंबरात पहाटे उघड्या जिप्सीत वारा हाडापर्यंत जातो. मुंबईकर एकच जाडजूड जॅकेट घेऊन येतात, ते पहाटे अपुरं आणि दहा वाजता नकोसं होतं. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारं पातळ जाकीट. हातमोजे आणि कानटोपी. एवढं पुरतं.

जंगल उरकलं की मोहान, भतरौंजखान, राणीखेत करत कौसानी. नकाशावर चार तास दिसले तरी सहा धरा. इथल्या घाटात ताशी पंचवीस किलोमीटर हा चांगला वेग. ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली उलटून पडते. टेम्पो ट्रॅव्हलरच्या शेवटच्या रांगेत सगळ्यात जास्त झोल बसतो, म्हणून जागा रोज फिरवण्याचं पहिल्याच दिवशी टूर मॅनेजरकडून कबूल करून घ्या. आणि तिथे दिवस लवकर मावळतो. मुंबईत नोव्हेंबरात सहापर्यंत उजेड असतो, कुमाऊंत साडेपाचच्या आत सूर्य गेलेला. अंधारात घाट नको.

कौसानी समुद्रसपाटीपासून १,८९० मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. समोर त्रिशूळ ७,१२० मीटर, आणि मागे नंदादेवी ७,८१६ मीटर. त्रिशूळ जवळ असल्याने तोच मोठा वाटतो आणि सगळे त्यालाच नंदादेवी समजून फोटो काढतात. शिखरं पाहायची ती सूर्योदयापासून नऊ-दहापर्यंत. पुढे दऱ्या तापल्या की ढग वर येतात. त्यामुळे ‘सकाळी निवांत नाश्ता, मग दर्शनीय स्थळं’ हा कार्यक्रम इथे उलटा करावा लागतो. आधी गच्ची, मग पोहे. दोन रात्री हव्यातच. एक सकाळ ढगाळ निघाली तर दुसरी हाताशी असते. गांधीजी १९२९ साली इथे राहिले होते, तो अनासक्ती आश्रम पायी फिरून होतो. कौसानीहून खाली उतरलं की गोमतीच्या काठी बैजनाथ, कत्यूरी राजांची जुनी राजधानी. काळ्या पाषाणातली पार्वतीची मूर्ती पाहताना घाई करू नका. तिथून बागेश्वर जवळ. १९२१च्या उत्तरायणीच्या मेळ्यात कुली-बेगारीच्या, म्हणजे इंग्रज अंमलातल्या सक्तीच्या बिनमोल हमालीच्या, वह्या लोकांनी शरयूत बुडवल्या, ते हे गाव.

अल्मोड्याच्या वाटेवर कटारमलचं सूर्यमंदिर. पूर्वाभिमुख मुख्य मंदिर आणि भोवती चाळीसहून जास्त छोटी देवळं. तिथला कोरीव लाकडी दरवाजा तुम्हाला दिसणार नाही. तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. थोडा चढ आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी काठी घ्यावी.

आणि मग जागेश्वर. आयोजक इथे चाळीस मिनिटं देतात, तेवढ्यात चपला काढून पुन्हा घालणं होतं, फार तर. जटागंगेच्या चिंचोळ्या खोऱ्यात, आभाळाला भिडलेल्या देवदारांच्या मधे, लहान-मोठी मिळून सव्वाशेच्या आसपास दगडी मंदिरं आहेत. काळ साधारण सातव्या ते बाराव्या शतकाचा. आपल्या अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्यांनी पाहिलंय, त्यांनी ते मनात ठेवून इथे यावं. अंबरनाथला भिंतीचा इंचभरही कोरल्यावाचून सोडलेला नाही. जागेश्वरला उलट. भिंती बऱ्याचशा साध्या, आणि सगळी नजर वर चढत जाणाऱ्या शिखराच्या वळणदार रेषेकडे. वर आमलक, म्हणजे आवळ्यासारखा गोल, खाचांचा दगड, आणि त्याच्याही वर लाकडी छत्र, पाऊस-बर्फाला अडवणारं. आपल्याकडच्या देवळांत ही छत्री दिसत नाही. महामृत्युंजयाचं मंदिर सगळ्यात जुनं मानतात. मुख्य जागेश्वराच्या दारावर नंदी आणि स्कंदी हे द्वारपाल आहेत, ते न चुकता पाहा.

‘नागेशं दारुकावने’ हे ज्योतिर्लिंग म्हणजे जागेश्वरच, असं तिथले पुजारी सांगतील. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथाचे आणि द्वारकेजवळच्या नागेश्वराचे भक्त तसंच म्हणतात. गाभाऱ्यात उभं राहून तो वाद काढण्यात अर्थ नाही.

खोरं खोल आणि झाडं उंच, त्यामुळे ऊन प्रांगणात उशिरा उतरतं. पायाखालची फरशी नोव्हेंबरच्या सकाळी बर्फासारखी. जाड लोकरी मोजे खिशात ठेवा. दीड किलोमीटर अलीकडे दंडेश्वर आहे, बहुतेक गाड्या तिथे थांबतच नाहीत, ड्रायव्हरला आधी सांगावं लागतं. जागेश्वरला पुरातत्त्व खात्याचं संग्रहालयही आहे. अशी संग्रहालयं सहसा शुक्रवारी बंद, तेव्हा मुक्कामाचा वार त्याप्रमाणे ठरवा. शक्य तर रात्र जागेश्वरलाच काढा. दिवसाच्या गाड्या परतल्यावर देवदारांतून फक्त पाण्याचा आवाज राहतो.

जेवणाचं थोडक्यात. टूरबरोबर महाराष्ट्रीय आचारी असला तरी एक वेळ कुमाऊंनी जेवा. गहत म्हणजे आपले कुळीथ, मंडुवा म्हणजे नाचणी. पोटाला अनोळखी असं काही नाही, फक्त फोडणी वेगळी.

परतीचा दिवस शेवटचा, म्हणून लोक तो हलक्यात घेतात. जागेश्वर ते काठगोदाम हे रेल्वे स्टेशन सव्वाशे किलोमीटर, आणि अल्मोड्याखाली क्वारबच्या आसपास दरड कोसळून रस्ता बंद होण्याचे प्रकार होतात. मग राणीखेतवरून वळसा. आठच्या आत निघा आणि परतीचं तिकीट दुपारच्या नाही, रात्रीच्या गाडीचं काढा. वाटेत अल्मोड्याला बालमिठाई घ्यायला तेवढा वेळ उरतो. ती खव्याची असली तरी मुंबईपर्यंत टिकते. पानात गुंडाळलेली सिंगोडी टिकत नाही, ती तिथेच, दुकानासमोर उभं राहून खायची.

नमस्कार.