दोन फुलबॅक आणि एक विजेतेपद: लेस्टर सिटी, २०१५-१६

२६ सप्टेंबर २०१५. इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमध्ये घरच्या मैदानावर लेस्टर सिटी आर्सेनलकडून ५-२ ने हरली. जेमी व्हार्डीचे दोन गोल वाया गेले. मोसमाचे सात सामने झाले होते, लेस्टरने १४ गोल खाल्ले होते आणि क्लीन शीट, म्हणजे एकही गोल न खाल्लेला सामना, एकही नव्हती.

या मोसमाची गोष्ट सहसा लेस्टरच्या विजेतेपदावर सट्टेबाजांनी दिलेल्या ५०००ला १ या भावापासून सुरू होते. खरी कलाटणी मात्र या पराभवानंतरची. प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांनी दोन्ही फुलबॅक, म्हणजे कडेचे बचावपटू, बदलले.

आधीचे रिची डे लाएट आणि जेफ्री श्लुप संधी दिसली की वर धावत. चेंडू गमावला की मागे मोकळं रान. आता उजवीकडे आला डॅनी सिम्पसन, डावीकडे ख्रिस्टियन फुक्स. यांनी आत सरकायचं, सेंटर बॅकला, म्हणजे मधल्या बचावपटूंना, धरून राहायचं. बगलेतून गोलसमोर उंच चेंडू (क्रॉस) येतायत? येऊ देत. गोलसमोरच्या बॉक्समध्ये सेंटर बॅक वेस मॉर्गन आणि रॉबर्ट हुथ डोकं लावायला उभेच. बाहेर पडलेल्या चेंडूवर मधल्या फळीतला एन्गोलो कान्टे. मोसमात त्याचे १७५ टॅकल (प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिसकावणं), लीगमध्ये सर्वाधिक.

पुढचं काम दोन-तीन पासचं. २ फेब्रुवारीचा लिव्हरपूलविरुद्धचा हा गोल पाहा. रियाद महरेझ स्वतःच्याच अर्ध्यातून लांब चेंडू टाकतो. चेंडू एक टप्पा घेतो, आणि व्हार्डी तो न थांबवता गोलकीपरच्या डोक्यावरून जाळ्यात मारतो.

क्लीन शीट ठेवा, पिझ्झा खाऊ घालतो, असं रानिएरींनी कबूल केलं होतं. ती आली दहाव्या सामन्यात, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. पिझ्झा मिळाला, पण खेळाडूंनाच बनवायला लावून!

पहिल्या नऊ सामन्यांत १७ गोल खाल्ले होते. उरलेल्या २९ मध्ये फक्त १९.

ही घडी विस्कटली की काय होतं, तेही दिसलं. १४ फेब्रुवारीला आर्सेनलच्या मैदानावर लेस्टर १-० ने पुढे. ५४व्या मिनिटाला सिम्पसन दुसरं पिवळं कार्ड घेऊन बाहेर. दहा जणांनी तग धरला, पण आर्सेनलने बरोबरी साधली आणि ९५व्या मिनिटाला फ्री किकवर डॅनी वेलबेकने हेडर मारला. १-२. मोसमातला हा तिसरा आणि शेवटचा पराभव.

मार्च-एप्रिलमध्ये वॉटफर्ड, न्यूकॅसल, क्रिस्टल पॅलेस, साउथॅम्प्टन. चारही सामने १-० ने जिंकले.

२ मे २०१६. टॉटनहॅम चेल्सीविरुद्ध २-० ने पुढे होती. ८३व्या मिनिटाला एडन हझार्डने २-२ बरोबरी साधली, तेव्हा लेस्टरचे खेळाडू व्हार्डीच्या घरी टीव्हीसमोर होते. या बरोबरीने विजेतेपद लेस्टरचं झालं. लेस्टरचे दोन सामने अजून बाकी होते.