सांगण्यातून घडणारी नाती

[दृश्य : बडोद्याच्या दांडिया बाजारातील जुनी घरे]

गायकवाडांच्या चाकरीसाठी पूर्वज इकडे कसे आले, ही हकिकत बडोद्यातील मराठी घरांमध्ये आजही सांगितली जाते. मात्र काकांच्या तोंडून ऐकली तर ती कर्तबगारीची असते आणि आत्याच्या तोंडून ऐकली तर मागे गावी राहिलेल्या माणसांची असते. यांतली खरी कोणती, असे आपण विचारतो. अमेरिकेतील संवादशास्त्राचे प्राध्यापक आर्थर बॉक्नर यांनी विचारले, की अशा सांगण्याने त्या माणसांमधले नाते कसे घडते?

बॉक्नर यांची सुरुवात आकडेवारीवर आधारलेल्या संशोधनाने झाली. जवळच्या नात्यांकडे वळल्यावर, १९८२ साली, त्यांनी त्या काळी सर्रास मानल्या जाणाऱ्या एका समजुतीलाच हात घातला. जितका मोकळेपणा अधिक, तितके नाते घट्ट, ही ती समजूत. माणसे मन मोकळे करतात तशीच एकमेकांना जपतातही, आणि काय बोलायचे नाही हे ठरवणे हासुद्धा नात्यातला संवादच असतो, असे त्यांचे म्हणणे होते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हे लगेच पटेल.

पुढे एका परिषदेत असताना त्यांना वडिलांच्या मृत्यूची बातमी कळली. वर्षानुवर्षे ज्या सिद्धान्तांवर बोलत आलो, ते आपल्या या दुःखाजवळ पोहोचतच नाहीत, याची जाणीव त्यांना झाली. अभ्यासक म्हणून जगणारा माणूस आणि मुलगा म्हणून जगणारा माणूस यांच्यातील ही फूट त्यांनी १९९७ च्या एका लेखात उघडपणे मांडली. शोधनिबंधात स्वतःचा शोक लिहिण्यासाठी किती धैर्य लागत असेल, हे विद्यापीठीय लेखनाची शिस्त ज्यांनी अनुभवली आहे त्यांना ठाऊक आहे.

[दृश्य : दोन वह्या, दोन हस्ताक्षरे]

त्यांच्या सहकारी आणि जीवनसाथी, समाजशास्त्रज्ञ कॅरोलिन एलिस यांच्यासह त्यांनी एक पद्धत घडवली. एकाच प्रसंगातून गेलेल्या दोघांनी आधी आपापली हकिकत स्वतंत्रपणे लिहायची, मग ती एकमेकांना दाखवायची आणि शेवटी दोघांना मान्य होईल अशी एक हकिकत मिळून रचायची. हा प्रयोग त्यांनी प्रथम स्वतःवर केला : गर्भपाताच्या आपल्या निर्णयाविषयी दोघांनी असे लेखन केले आणि ते १९९२ साली प्रसिद्ध झाले. त्यात मतभेद झाकलेले नाहीत. एकाला जे आठवते ते दुसऱ्याने कसे अनुभवले, हे वाचकाला शेजारी शेजारी दिसते.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठात दीर्घकाळ अध्यापन करून बॉक्नर २००८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संवाद संघटनेचे अध्यक्ष झाले. आत्मकथन हे शास्त्र कसे, हा आक्षेप मात्र थांबला नाही. त्यापेक्षा कठीण प्रश्न आहे तो हकिकतीत येणाऱ्या इतरांचा, कारण स्वतःची गोष्ट सांगताना बायकोची, भावाची, आईची गोष्टही सांगितली जाते. एलिस यांनी मच्छीमारांच्या वस्त्यांवर लिहिलेल्या अभ्यासात काय आहे हे कळल्यावर तेथील माणसे दुखावली होती, आणि हे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले. दांडिया बाजारासारख्या वस्तीत नाव बदलले तरी माणूस ओळखू येतो. म्हणून येथील घरांच्या हकिकती लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आपला मसुदा छापण्यापूर्वी काकांना आणि आत्याला वाचून दाखवावा.