पहिल्या फेरफाराच्या आधी

नमस्कार. आज इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांनी तरी गेल्या दहा-पंधरा वर्षांत मेलबर्नच्या आसपास घर घेतलं असेल, असा माझा अंदाज आहे. म्हणून विषयाला जमिनीच्या कागदांपासूनच हात घालतो.

गावाकडे जमीन घ्यायची तर आपण नुसता सातबारा बघून थांबत नाही. घरातलं जाणतं माणूस जुने फेरफार काढायला लावतं. याच्याकडे जमीन कुणाकडून आली, वारसनोंद झाली का, बहिणींनी हक्कसोड दिलंय का, कूळ होतं का. इथे घर घेताना तुमच्यापैकी कुणी असं मागे मागे गेलं? गेलं नसणार, कारण जावं लागत नाही. १८५८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियात रॉबर्ट टॉरेन्सने जी पद्धत आणली आणि व्हिक्टोरियाने १८६२ मध्ये जी उचलली, तिचं वैशिष्ट्यच हे, की सरकारी नोंदवहीत ज्याचं नाव तो मालक. आधीची साखळी तपासायची गरज नाही. आणि हौस म्हणून तपासलीच, तर ती एका जागी येऊन थांबते: ब्रिटिश मुकुटाने अमक्याला ही जमीन दिली. तो पहिला फेरफार. मला बोलायचंय ते त्याच्या आधीचं. मुकुटाकडे ती आली कुठून?

या शहरापुरतं बोलायचं तर याची गोष्ट १८३५ सालची आहे. टास्मानियातला एक जमीनदार, जॉन बॅटमन, मेंढ्यांसाठी कुरणं शोधत इथे आला. हा काही सज्जन गृहस्थ नव्हे. टास्मानियात आदिवासींचा माग काढून त्यांना पकडणाऱ्या, मारणाऱ्या टोळ्यांचं नेतृत्व त्याने केलं होतं. पण इथे त्याने वेगळी चाल खेळली. ६ जूनला त्याने इथल्या कुलिन लोकांतल्या आठ वडीलधाऱ्यांबरोबर 'करार' केला. सुमारे सहा लाख एकर जमीन. मोबदला म्हणून ब्लँकेटं, सुऱ्या, कुऱ्हाडी, आरसे, कात्र्या, पीठ, आणि दरवर्षी याच वस्तूंचा खंड. समोरच्यांना यातलं काय कळलं असेल? परक्याला आपल्या हद्दीत तात्पुरतं राहू देण्याचा त्यांचा एक विधी होता, तांडेरम. त्यांच्या लेखी तेच चाललं होतं, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. विल्यम बराक नावाचा, कुलिनांपैकीच वुरुंडजेरी गटातला मुलगा तेव्हा तिथे हजर होता, असं त्याने पुढे म्हातारपणी सांगितलं. हे नाव लक्षात ठेवा.

बॅटमनचा कागद लबाडीचा होता, यात वाद नाही. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो कागद रद्द करणारा कागद. ऑगस्ट १८३५ मध्ये सिडनीच्या गव्हर्नर बोर्कने जाहीरनामा काढला आणि करार निरर्थक ठरवला. आदिवासी फसवले गेले, असं कारण त्यात नाही. कारण असं, की ही मुकुटाची रिकामी जमीन आहे. थोडक्यात, विकणाऱ्यांकडे विकायला काही नव्हतंच. बॅटमनने निदान दुसऱ्या बाजूला कुणी माणूस आहे, एवढं तरी मान्य केलं होतं. सरकारने तेही काढून टाकलं.

हेच ब्रिटिश १८१८ मध्ये पुण्यात काय करत होते, ते आठवा. पेशवाई बुडाली आणि एल्फिन्स्टनच्या माणसांनी गावोगावी दप्तरं उघडायला घेतली. मिरासदार कोण, वतनं कुणाची, इनामं कुणाकडे. हे काही औदार्य नव्हतं. त्यांना सारा हवा होता आणि सारा भरायला माणूस लागतो. इथे मेंढ्यांना गवत हवं होतं. मेंढ्यांना मिरासदार लागत नाही. आपल्याकडेही जिथे साऱ्यापेक्षा लाकूड मोलाचं ठरलं, तिथे १८७८च्या वनकायद्याने जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे हक्क सवलतींवर आणून ठेवलेच.

बरं, ही 'रिकामी' जमीन होती तरी कशी?

इथून पश्चिमेला साडेतीनशे किलोमीटरच्या आत बज बिम आहे. सदतीस हजार वर्षांपूर्वी तिथला ज्वालामुखी फुटला आणि लाव्हा थेट समुद्राच्या दिशेने वाहत गेला. त्याने ओढे अडले, दलदली झाल्या, तळी झाली. त्या काळ्या दगडांच्या प्रदेशात गुंडिचमारा लोकांनी एक उद्योग उभा केला. इथल्या गोड्या पाण्यातली वाम, तिला ते कूयांग म्हणतात, अंडी घालायला दूर उष्ण समुद्रात जाते. तिची पिल्लं प्रवाहाबरोबर येऊन नद्यांतून वर चढतात आणि वर्षानुवर्षं वाढून पुन्हा समुद्राकडे निघतात. या जाण्यायेण्याचा हिशेब धरून गुंडिचमारांनी दगड फोडून चर खणले, दगडी बांध घातले, बांधाला फटी ठेवल्या आणि फटींना वेताच्या जातीच्या गवताच्या लांबट टोपल्या लावल्या. वरचं पाणी वळवून वामी तळ्यात आणायच्या, राखायच्या, मोठ्या झाल्या की निवडून घ्यायच्या. पोकळ झाडांच्या बुंध्यात धूर देऊन त्या टिकवायच्या. शेजारी गोल दगडी जोत्यांची घरं. यातल्या एका चराचं वय ६,६०० वर्षं निघालं आहे, म्हणजे मोहेंजोदडोच्या दोन हजार वर्षं आधी. २०१९ मध्ये युनेस्कोने हे ठिकाण जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पुढच्याच उन्हाळ्यात वणवा लागला, गवत जळालं, तर खालून आणखी एक चर निघाला. संशोधकांची वर्षानुवर्षं ये-जा असलेल्या जागेत.

आणि कुणाला दिसलंच नव्हतं, असंही नाही. जॉर्ज ऑगस्टस रॉबिन्सन हा सरकारनेच नेमलेला आदिवासींचा 'संरक्षक'. १८४१ मध्ये पश्चिम व्हिक्टोरियात फिरताना माउंट विल्यमपाशी पंधरा एकरांवर पसरलेले असेच चर त्याने पाहिले, त्यांची चित्रं काढली. माळभर पसरून मुरनाँग खणणाऱ्या बायकाही त्याने नोंदवल्या आहेत. मुरनाँग म्हणजे पिवळ्या फुलाचं एक कंदमूळ. टोकदार काठीने कंद काढताना माती भुसभुशीत होई, बारीक कंद मुद्दाम मागे ठेवले जात, आणि पुढच्या हंगामात पीक दाट येई. याला नांगर लागत नाही, कुंपण लागत नाही, म्हणून इंग्रजी डोळ्याला ती शेती दिसली नाही. मेंढ्यांना मात्र पहिल्याच वर्षी दिसली. एडवर्ड कर नावाच्या पशुपालकाने मरी नदीकाठच्या आपल्या मुलखाबद्दल लिहून ठेवलंय, की हजारो मेंढ्या नाकाने माती उकरून हे कंद खायला शिकल्या आणि वर्षभर मुख्यतः त्यांच्यावरच जगल्या. बायकांच्या काठ्यांना हजारो वर्षं पुरलेलं अन्न असं संपलं. कर हेही नाव लक्षात ठेवा.

आगीबद्दल मला तासभर बोलता येईल, पण आवरतं घेतो. थंडीत, दव असताना, लहान लहान तुकडे हलक्या आगीने जाळून घ्यायचे, म्हणजे कोवळं गवत येतं, कांगारू येतात, आणि उन्हाळ्यात मोठा वणवा पेटायला खाली काही उरत नाही. आपण इथे आल्यापासून जे मोठे वणवे पाहतो, त्यात हे ज्ञान मोडीत काढल्याचाही वाटा आहे.

उत्तरेकडची एक गंमत सांगायची राहू नये. इंग्रजांच्या आधीपासून इंडोनेशियातल्या मकासरचे खलाशी दरवर्षी पावसाळी वाऱ्यांवर आर्नहेम लँडला येत. समुद्रकाकडी, म्हणजे समुद्रतळाशी राहणारा एक प्राणी, गोळा करायची, उकडून वाळवायची आणि चीनच्या बाजारात पाठवायची. तिथल्या योल्ङू लोकांशी त्यांचा व्यापार होता, सोयरिकी होत्या. त्यांनी जेवताना टाकलेल्या बियांची चिंचेची झाडं त्या किनाऱ्यावर अजून उभी आहेत. हा व्यवहार १९०७ साली बंद पडला, कारण सरकारने परवाने देणं थांबवलं. म्हणजे हा खंड जगापासून तुटलेला वगैरे नव्हता. त्याला तोडलं गेलं.

मग रिकामी दिसली ती का? एक कारण देवीचा रोग. इंग्रजांचं पहिलं आरमार जानेवारी १७८८ मध्ये सिडनीला लागलं आणि एप्रिल १७८९ मध्ये बंदराच्या काठाकाठाने प्रेतं दिसू लागली. आसपासची निम्मी माणसं गेली, असा गव्हर्नर फिलिपचा अंदाज होता. १८३०च्या सुमाराला दुसरी साथ आग्नेय भागात पसरली. बॅटमन आला तेव्हा इथल्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांवर देवीचे वण होते. गोऱ्या वसाहतवाल्यांनी जी विरळ वस्ती पाहिली, ती निम्म्याहून अधिक मेलेल्या समाजाची होती. उरलेल्यांवर पुढे बंदुका चालल्या. १८३८ मध्ये मायॉल क्रीकला बायकामुलांसह अठ्ठावीस जणांना मारलं, आणि त्यासाठी सात गोऱ्यांना फाशी झाली. हे उदाहरण वारंवार सांगितलं जातं, कारण अशी शिक्षा जवळजवळ कधीच झाली नाही.

पण मला खरं अस्वस्थ करतं ते इथून तासाभराच्या अंतरावरचं कोरांडर्क. हीलस्विलजवळ. १८६३ मध्ये कुलिन लोकांना तिथे जागा दिली. त्यांनी ती साफ केली, घरं बांधली, गहू केला आणि बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सचं पीक असं काढलं की मेलबर्नच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. इतकी वर्षं सांगितलं जात होतं, की हे लोक शेती करत नाहीत म्हणून जमिनीवर त्यांचा हक्क नाही. आता करून दाखवली, तर शेजारच्या गोऱ्यांची नजर त्या जमिनीवर गेली. विल्यम बराक तोवर प्रमुख झाला होता. तो माणसं घेऊन साठ किलोमीटर चालत मेलबर्नला मंत्र्यांकडे जाई, अर्ज देई. १८८१ मध्ये चौकशी समिती बसली, थोडं यशही आलं. मग १८८६चा कायदा आला: मिश्र रक्ताच्या, चौतीस वर्षांखालच्या सगळ्यांनी वस्ती सोडायची. कष्टकरी हातच गेले आणि पीक आपोआप बसलं. १९२४ मध्ये वस्ती बंद झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती जमीन परत आलेल्या सैनिकांना वाटली.

सैनिकांवरून रेग सॉन्डर्स आठवतो. गुंडिचमारा, बज बिमजवळच्या लेक काँडा मिशनवर वाढलेला, १९४४ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्यातला पहिला आदिवासी अधिकारी. त्याचा भाऊ त्याच युद्धात मारला गेला. त्या मिशनची जमीनही सैनिकांना वाटली गेली. गोऱ्या सैनिकांना. गुंडिचमारा सैनिकांचे अर्ज नाकारले गेले.

आता न्यायालयाकडे येतो. एडी कोइकी माबो हा टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाचा. टाउन्सविलच्या विद्यापीठात तो माळीकाम करत असे. बेटावरची जमीन कायद्याने तुझी नाहीच, हे तिथल्या इतिहासकारांशी गप्पा मारताना त्याला कळलं, आणि त्याचा विश्वास बसेना. मेरवर प्रत्येक वाडीची हद्द ठरलेली, वारसा ठरलेला. १९८२ मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी दावा लावला. निकाल ३ जून १९९२ रोजी लागला, सहा विरुद्ध एक: जमीन रिकामी नव्हती. माबो त्याच वर्षी जानेवारीत वारला होता.

तुमच्या मनात प्रश्न आला असेल, मग आमच्या घराचं काय? काही नाही. सरकारने जी जमीन एकदा पूर्ण मालकीने दिली, तिथला मूळ हक्क संपला, हे कायद्याने पक्कं आहे. हक्क सिद्ध करता येतो तो उरलेल्या सरकारी जमिनीवर, आणि तेही परंपरा अखंड चालू आहे, हे दाखवून. गुंडिचमारांनी ते दाखवलं आणि २००७ मध्ये त्यांचा हक्क मान्य झाला. मरी नदीकाठच्या योर्टा योर्टांना ते जमलं नाही. १९९८च्या निकालात न्यायाधीश म्हणाले, की इतिहासाच्या लाटेने त्यांची परंपरा वाहून गेली आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. मूळ परंपरा कशी होती, हे ठरवताना हयात वडीलधाऱ्यांच्या साक्षीपेक्षा जास्त वजन मिळालं एडवर्ड करच्या लिखाणाला. ज्याच्या मेंढ्यांनी मुरनाँग संपवलं, त्याच्या. आणि परंपरा तुटल्याचा पुरावा म्हणून १८८१चा एक अर्ज पुढे आला. मलोगा वस्तीवरच्या बेचाळीस जणांनी तो गव्हर्नरला दिला होता. आमची शिकार संपली, तेव्हा शेती करायला थोडी जमीन द्या, एवढंच त्यात मागितलं होतं.

मी इथे थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.