अळीचं चित्र: आधी रंग, मग रूप

श्रोतेहो, नमस्कार. फुलपाखरांच्या आणि पतंगांच्या अळ्या जलरंगात कशा रंगवायच्या, हा आजचा विषय. भिंतीवर लावायच्या चित्राबद्दल हे बोलणं नाही. चित्र पाहून दुसऱ्याला ती अळी ओळखता आली पाहिजे, असं शास्त्रीय चित्र. इथे पायांची एक जोडी कमी-जास्त झाली तर अळी वेगळ्याच कुळात जाऊन बसते.

कॅमेरा असताना हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. अगदी जवळून घेतलेल्या फोटोत डोकं स्पष्ट आलं तर शेपटीकडचा भाग धूसर होतो, पानाचा हिरवा अंगावर पडतो आणि केसांचा गुंता होतो. मग अळीच अल्कोहोलमध्ये ठेवावी, तर रूप टिकतं, पण रंग जातो. हिरवा तर हमखास उडतो. म्हणून कामाचा क्रम पक्का धरा: आधी रंग, मग रूप. रूप तुमच्यासाठी थांबेल, रंग थांबणार नाही.

जिवंत अळीचा रंगही रोज सारखा नसतो. कात टाकायच्या आधी ती खाणं बंद करते, कातडी निस्तेज होते आणि जुन्या डोक्यामागे नवं डोकं फुगल्यासारखं दिसतं. कात टाकल्यावर लगेच पाहिली तर ती फिकट असते. कोषाच्या तयारीला लागलेल्या कितीतरी हिरव्या अळ्या तपकिरी होतात. कात टाकून एखादा दिवस उलटला आणि अळी भरपूर खायला लागली, की रंगाच्या नोंदी घ्यायच्या.

त्यासाठी खिडकीतला उजेड हवा, थेट ऊन नको. अळी पांढऱ्या कार्डावर ठेवा. पान लांब सरकवा, नाहीतर पोटाखालचा हिरवा पानाचा की अळीचा हे कळत नाही. ज्या कागदावर चित्र काढायचं त्याचीच बोटभर रुंद पट्टी कापा. तिच्या अगदी काठाला रंगाचे लहान चौकोन लावा, पूर्ण वाळू द्या आणि मग काठ अळीच्या अंगाजवळ धरून ताडून पाहा. ओला जलरंग वाळल्यावर फिका होतो. ओल्या रंगावरून ठरवलेली छटा चित्रात हटकून कमी पडते. प्रत्येक चौकोनाखाली मिश्रण लिहा आणि जागाही लिहा: पाठ, कूस, श्वासरंध्रांच्या रेषेखाली.

हिरव्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक चित्रं तिथेच बिघडतात. ट्यूबमधला तयार हिरवा अळीवर लावला की ती प्लास्टिकची दिसते. अनेक हिरव्या अळ्यांच्या अंगात हिरवा असा एकच रंग नसतो. पानांतून आलेली पिवळी कॅरोटिनॉइड द्रव्यं आणि अळीच्या शरीरात तयार होणारं निळं द्रव्य मिळून तो हिरवा दिसतो, तोही अर्धपारदर्शक कातडीतून. आपणही तसंच करावं. लेमन यलोचा पातळ हात द्या, तो पूर्ण वाळू द्या, मग त्यावर फ्थॅलो निळ्याचा अगदी पातळ हात. खोली आपोआप येते. काळ्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करा, ट्यूबमधला काळा मेलेला दिसतो. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांकही वाचत जा. पीआर 83, म्हणजे जुना अ‍ॅलिझरिन क्रिमसन, उजेडात उडतो. टिकावं म्हणून काढलेल्या चित्रात त्याचं काय काम?

अळी फार धावपळ करत असेल तर डबीसकट दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये मात्र कधीच नाही. बाहेर काढल्यावर अंगावर दव जमतं, ते उडेपर्यंत थांबा. गारठ्याने अळी आखडलेली असते, तेव्हा लांबी मोजू नका. ती चालताना मोजा. खरं भरवशाचं माप डोक्याच्या रुंदीचं. डोक्याचं कवच टणक असतं, दोन कातींच्या मधल्या काळात अंग वाढतं पण डोकं तेवढंच राहतं. दर कातीला ते साधारण 1.4 पट होतं. कीटकशास्त्रज्ञ हॅरिसन डायर यांनी 1890 मध्ये दाखवलेला हा नियम आजही अळीची अवस्था, म्हणजे तिने किती काती टाकल्या ते, ठरवायला उपयोगी पडतो. गळून पडलेलं डोक्याचं कवच तारीख लिहून नळीत जपून ठेवा.

आता रूप. पेन्सिल टेकवण्याआधी मोजणी करा. डोक्यामागे छातीचे तीन खंड, मग पोटाचे दहा. छातीवर खऱ्या पायांच्या तीन जोड्या. पोटावर मांसल पाय, नेहमीच्या अळीत पाच जोड्या: तिसऱ्या ते सहाव्या खंडावर चार आणि दहाव्यावर एक. उंटासारखी पाठ काढून चालणाऱ्या अळ्यांत दोन किंवा तीनच जोड्या सापडतात. सहा किंवा जास्त दिसल्या तर ती बहुधा करवती माशीची अळी. तिला सोडून द्या. श्वासरंध्रं नऊ जोड्या: एक छातीच्या पहिल्या खंडावर, आठ पोटावर. रुईवरच्या प्लेन टायगरच्या अळीला काळ्या मांसल तंतूंच्या तीन जोड्या असतात, छातीच्या दुसऱ्या, पोटाच्या दुसऱ्या आणि आठव्या खंडावर. जुन्या वर्णनांत हेच तिसरा, सहावा आणि बारावा खंड असं आढळतं, कारण तिथे डोकंही खंड म्हणून मोजलेलं असतं. हा घोळ माहीत नसला तर तंतू भलत्याच जागी उगवतात.

अळी कुशीवरून दाखवा, तोंड डावीकडे, उजेड वरून डावीकडून. छापायच्या आकाराच्या दीडपट ते दुप्पट काढा आणि शेजारी मिलिमीटरची मापरेषा द्या. ‘तिप्पट’ असं नुसतं लिहिलं तर छापताना चित्र लहान झालं की ते खोटं ठरतं. आराखडा ट्रेसिंग कागदावर पक्का करून मगच 300 ग्रॅमच्या (चौरस मीटरमागे वजन) गुळगुळीत, हॉट-प्रेस कागदावर हलक्या हाताने उतरवा. कडक पेन्सिल दाबली तर कागदावर चर पडतो, त्यात रंग साचतो आणि ती काळी रेघ शेवटपर्यंत जात नाही.

ब्रश एक ते तीन नंबरचा, टोक शाबूत असलेला. तीन शून्यांचा ब्रश पाणी धरत नाही, रेघ अर्ध्यावर कोरडी पडते. आधी सगळं अंग एक नळी समजून छाया द्या, सर्वांत गडद पट्टा खालच्या कडेच्या जरा वर. प्रत्येक खंड सुटा गोल रंगवला की अळीची मण्यांची माळ होते. वळ्या नंतर. अर्धवट ओल्या थरावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला तर फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो घासत बसू नका, वाळल्यावर ओलसर ब्रशने हळूच उचला.

केस सर्वांत शेवटी. मुळाकडून टोकाकडे, ब्रश उचलत. पांढरे केस टायटॅनियम पांढऱ्या गुवाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने. कागद पांढरा राखायला लावतात त्या मास्किंग द्रवाने केसाची दोन्ही टोकं बोथट येतात, वर गुळगुळीत कागद सोलला जातो. गुळगुळीत अळीचे मोजके केस ठरलेल्या जागी असतात, ते सगळे दाखवा. केसाळ अळीत केस जिथून उगवतात त्या गाठी अचूक मोजा, केस अंदाजाने चालतील. आणि तिला बोटाने हात लावू नका. मऊ ब्रशने सरकवा, पुष्कळांचे केस अंगाला खाज आणतात.

चित्राच्या कडेला तारीख, खाद्यवनस्पती आणि अवस्था लिहा, रंगाची पट्टी मागे चिकटवा. अळी ओळखायची खात्रीची वाट म्हणजे तीच अळी वाढवून फुलपाखरू बाहेर येऊ देणं. म्हणून एका डब्यात एकच अळी, आणि डब्यावर व चित्रावर एकच क्रमांक. कधी कोषातून फुलपाखराऐवजी परोपजीवी माशी निघते. तेव्हाही चित्र फेकू नका. नावाची जागा रिकामी ठेवा आणि ती माशी त्याच क्रमांकाने जपून ठेवा.