मुठा ओलांडली का?

(ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेतील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘पुण्याचा कात्रज-देहूरोड बायपास: अपघात आणि उपाय’. विषय तोच आहे, पण मी सुरुवात नदीपासून करणार. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे रस्ता बघितला की आधी त्याच्याखालची जमीन दिसते. आणि माझं म्हणणंच असं आहे की या रस्त्यावरचा निम्मा घोटाळा त्या जमिनीत आहे. ती गाडी चालवणाऱ्याला कुणी सांगत नाही.

बोगद्यापासून निघू. साताऱ्याकडून येताना आपण नव्या कात्रज बोगद्यात शिरतो. वर जो डोंगर आहे, त्याच्या दक्षिण उतारावर पडलेला थेंब शिवगंगेत जातो, शिवगंगेतून गुंजवणीत आणि तिथून नीरेत. उत्तर उतारावर पडलेला थेंब मुठेकडे येतो, पुढे मुळा-मुठा होऊन भीमेला मिळतो. एकाच ढगातले हे दोन थेंब पुन्हा भेटतात ते थेट नीरा-नरसिंगपूरला, नीरा-भीमेच्या संगमावर. ताशी साठच्या वेगानं आपण तो बोगदा मिनिट-दीड मिनिटात ओलांडतो आणि एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात येतो. सहलीला मुलांना घेऊन जायचे तेव्हा बोगदा संपला की मी बसमध्ये उभी राहून ओरडायचे, “बदललं खोरं!” मुलं टाळ्या वाजवायची. (हशा) तुम्हीही वाजवून बघा, नातवंडं सोबत असतील तेव्हा.

आता बोगद्यातून बाहेर आलं की काय लागतं? उतार. दरीपूल, डावीउजवीकडे जांभूळवाडी, नऱ्हे, नवले पूल, आणि उतार सुरूच. का? कारण आपण मुठेच्या खोऱ्यात उतरतोय. वडगाव संपलं की मुठेचा पूल. मुठा म्हटलं की या सभागृहातल्या कित्येकांना 12 जुलै 1961 आठवत असेल. त्या दिवशी पानशेत धरण फुटलं आणि मागोमाग खडकवासलाही. आजचा बायपासचा पूल त्याच खडकवासल्याच्या खालच्या अंगाला आहे. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की या पुलावरून ते दिसतं. मी पाहिलंय. दोन्ही काठ भरून वाहणारी मुठा आणि वर ट्रकांची रांग.

नदी ओलांडली की चढ. वारजे, माळवाडी, मग डुक्कर खिंड. हसू नका, नाव खरंच तेच आहे आणि मला ते फार आवडतं. खिंड ओलांडली की चांदणी चौक. तिथून बावधनला रामनदीचं पाणी. ही छोटी नदी भूगावकडून येते, पाषाण तलावातून पुढे मुळेला मिळते. मग सूस, बाणेर, बालेवाडी, आणि बालेवाडी संपता संपता मुळा. पलीकडे वाकड, ताथवडे, पुनावळे, आणि किवळ्याच्या आधी पवना. मुठा, मुळा, पवना. तीन नद्या, तीन मोठे पूल.

शहराच्या पूर्वेला, मुंढव्याला जा. तिथे एकच नदी आहे. पवना दापोडीला मुळेत आलेली असते, मुळा आणि मुठा संगमावर एक झालेल्या असतात. आपला बायपास पश्चिमेनं जातो, म्हणजे नद्या एकमेकींना भेटण्याआधीच तो त्यांना आडवा कापतो. म्हणून त्याला खोऱ्यात उतरावं लागतं, खिंडीत चढावं लागतं, परत उतरावं लागतं. मुंबईहून बंगळूरला जाणाऱ्या ड्रायव्हरला हा सरळ हायवे वाटतो. पूर्वीचा चार नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आता अठ्ठेचाळीस.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. थोडी लांबेल, पण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे.

आमच्याकडे उभ्याच्या गौरी. मुखवटे जुने, आणि गौरी-गणपती एक वर्ष कराडला धाकट्या दिरांकडे, एक वर्ष आमच्याकडे बावधनला. त्या वर्षी आमची पाळी. मुखवटे कराडहून यायचे होते. आवाहनाची वेळ रात्री साडेआठपर्यंत होती. दीर गाडी चालवत होते, जाऊबाई शेजारी बसल्या होत्या. मांडीवर मुखवट्यांचा डबा, हातात फोन. चांदणी चौकातला जुना पूल तेव्हा उभा होता. पाऊस मी म्हणत होता. सात वाजता नवले पुलाजवळून फोन आला, “ताई, इथून पुढचं सांगा, यांना काही दिसत नाहीये.”

मी भूगोलाची शिक्षिका. खुणा सांगितल्या त्या माझ्या पद्धतीनं. म्हटलं, “आता उतार संपेल, मग मुठेचा पूल येईल. पूल ओलांडलात की मला फोन करा. तिथून चढ लागेल, खिंड लागेल, खिंड संपली की डावी लेन धरा आणि खाली उतरा.”

बराच वेळ फोन नाही. मला वाटलं, वारज्याला अडकले असतील, सणाची गर्दी. पावणेआठला फोन. “ताई, नदी ओलांडली!” मी म्हटलं, “छान. आता चढ लागेल.” “चढ नाही लागत हो, सपाटच आहे. दोन्ही बाजूंना उंच उंच इमारती आहेत.” मी म्हटलं, “लागेल, पुढे या.” पाच-सात मिनिटांनी पुन्हा फोन. “ताई, आणखी एक नदी आली. ही कुठली?”

मंडळी, तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. त्यांनी ओलांडली होती ती मुळा. आणि ही दुसरी होती पवना. मुठा कधीच मागे पडली होती. तिच्यावरून जाताना दोन्ही बाजूंना ट्रक होते, पावसानं काचा पांढऱ्या झाल्या होत्या. आपण नदीवर आहोत हे त्या दोघांना कळलंच नाही. पूल आणि रस्ता यांत फरक दाखवणारी एकही पाटी त्यांना दिसली नाही. खिंडीचा चढ त्यांनी चढला, चांदणी चौक त्यांच्या डावीकडून निघून गेला, बाणेर गेलं, वाकड गेलं. “चढ नाही” म्हणाल्या तेव्हाच मला समजायला हवं होतं. मुळेच्या पलीकडे खिंड नाहीच.

पुढे किवळ्याला एक्स्प्रेस-वेचा फाटा. तिथे चुकून सरळ गेले असते तर मुंबईच्या रस्त्याला लागले असते. दिरांनी देहूरोडची बाजू धरली, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर आले आणि निगडी, चिंचवड, औंध करत सणाच्या गर्दीतून परत फिरले. इकडे साडेआठ होत आले. सासूबाईंनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, “गौरींनी वेळ पाळली आहे, मुखवटे मागून येतील.” दोन तांब्यांवर हळदीकुंकू लावलं, उंबऱ्यापासून पावलं काढत गौरी आत घेतल्या. मुखवटे चढले ते पावणेदहाला. जाऊबाई डबा खाली ठेवायला तयार नव्हत्या. कराडपासून तो त्यांनी मांडीवरून हलवला नव्हता. त्यांचे हात थरथरत होते, आणि ते थंडीनं नव्हते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दिरांची चूक नव्हती. ते तीस वर्षं गाडी चालवतात, कराड-चिपळूण कुंभार्ली घाटातून रात्री जातात. घाटात त्यांना प्रत्येक वळण माहीत असतं, कारण प्रत्येक वळणाला नाव असतं. इथे नाव नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एका कार्यालयाला पत्र लिहिलं. दोनच मागण्या होत्या. तिन्ही नद्यांवर, दोन्ही दिशांना, रात्री पावसात वाचता येईल अशी नदीच्या नावाची पाटी. आणि प्रत्येक बाहेर पडण्याच्या जागेला क्रमांक. उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. दुसऱ्या वर्षी पुन्हा लिहिलं, तेच उत्तर आलं. मी दर वर्षी गौरीच्या दुसऱ्या दिवशी पत्र लिहिते. पुढेही लिहीन.

क्रमांकाचं एवढ्यासाठी म्हणते की माझी भाची अमेरिकेत एडिसनला असते. न्यू जर्सी टर्नपाइक हा त्यांच्याकडचा मोठा रस्ता. ती पाहुण्यांना सांगते, “दहा नंबरला उतरा.” बस. पाहुण्याला एडिसन कुठे, मेटचन कुठे, काही माहीत नसलं तरी चालतं. नऊ गेला की दहा येणार, आणि अकरा दिसला तर चुकलो. माझी जाऊ मोजू शकली असती. आपल्या इथे काय सांगतो आपण? “तो पेट्रोल पंप गेला की, त्या हॉटेलच्या अलीकडे.” हॉटेल बंद पडतं, पंपाचा रंग बदलतो. मुठा तिथेच राहते.

चांदणी चौकाचं थोडं सांगते, कारण आता तुम्ही सगळे तिकडूनच घरी जाणार. 2 ऑक्टोबर 2022 ला मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास तो जुना पूल सुमारे 600 किलो स्फोटकं लावून पाडला. आम्ही गच्चीवरून आवाज ऐकला. पूल पूर्ण पडलाच नाही. आत लोखंड अंदाजापेक्षा जास्त निघालं, मग पोकलेननं उरलेला पाडावा लागला. 12 ऑगस्ट 2023 ला नवीन चौकाचं उद्घाटन झालं. काम मोठं झालंय, मला कौतुक आहे. मुळशीकडून येणाऱ्यांचा तासभर वाचला. पण रॅम्प इतके झाले की कुठला बावधनचा, कुठला कोथरूडचा, कुठला मुळशीचा हे कळायला तोंडाशी जावं लागतं. तोंडाशी गेल्यावर कळलं तर उशीर झालेला असतो. माझ्या शेजारच्या आजोबांना एकदा…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, आजोबांचं राहू दे, पत्रिकेतल्या विषयाकडे येते. तीन मुद्दे आहेत, भरभर सांगते.

पहिला, उतार. 20 नोव्हेंबर 2022 ला नवले पुलाजवळ 48 गाड्या एका अपघातात सापडल्या. 13 नोव्हेंबर 2025 ला तिथेच पुन्हा, आठ माणसं गेली, गाड्या पेटल्या. आपण म्हणतो ब्रेक फेल झाला. ब्रेक का फेल होतो? माझ्या यजमानांनी, ते भौतिकशास्त्र शिकवायचे, मला हिशेब करून दिला. चाळीस टनांचा ट्रक 100 मीटर खाली उतरला तर जी ऊर्जा सुटते, तिच्यात सव्वाशे लिटर साधं पाणी उकळीला येईल. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर त्यातली बरीच ऊर्जा इंजिन खातं. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकली की सगळी उष्णता ब्रेकवर. ब्रेक तापतात, पकड जाते, आणि नेमकं तेव्हा खाली शहर सुरू होतं. ड्रायव्हरला दोष द्याच, पण त्याला बोगद्याच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत, मराठी, हिंदी आणि कन्नडमध्ये सांगा की मुठेपर्यंत उतार आहे. नदी आली की संपला. हे वाक्य त्याला समजतं. घाटातल्या माणसाला खोरं समजतं.

दुसरा, वेळ. ताशी ऐंशीनं गाडी एका सेकंदात 22 मीटर जाते. पाटी 100 मीटरवर वाचली तर साडेचार सेकंद हातात. तेवढ्या वेळात उजव्या लेनमधून डावीकडे येणं म्हणजे मागच्या स्कूटरवर जाणं. लोक तेच करतात किंवा थांबतात, भर हायवेवर, रिव्हर्सही घेतात. पाटी एक किलोमीटर आधी लावली तर 45 सेकंद मिळतात. मग 500 मीटरवर दुसरी, आणि वेग कमी करायला डावीकडे वेगळी लांब लेन. आत येणारे आणि बाहेर जाणारे एकाच पन्नास मीटरमध्ये एकमेकांना कापतात, ते थांबवायला ही दोन तोंडं एकमेकांपासून लांब हवीत.

तिसरा मुद्दा आणि सगळ्यात महत्त्वाचा, आणि मला वाटतं त्याला पाचच मिनिटं उरलीत. सेवा रस्ते. बाणेरहून वाकडला क्लासला जाणारी मुलगी स्कूटीवर आहे. तिला बंगळूरचा ट्रक नको असतो. पण सेवा रस्ता नदीशी येऊन थांबतो, कारण पूल महाग. मुख्य रस्त्याला पूल मिळाला, सेवा रस्त्याची पाळी मागून. म्हणून ती मुलगी फक्त नदी ओलांडायला हायवेवर चढते आणि पलीकडे लगेच उतरते. खिंडीतही तेच, डोंगर फोडायचा खर्च. म्हणजे जिथे नदी आणि जिथे खिंड, तिथेच गावातली वाहनं आणि लांबची वाहनं एकत्र येतात. नकाशावर अपघाताच्या जागांवर टिंबं द्या आणि नद्या-खिंडी काढा, बघा काय दिसतं. सेवा रस्त्यांना तिन्ही नद्यांवर स्वतंत्र पूल, दुचाकीपुरते अरुंद चालतील, आधी मुळेवर. याचा आराखडा मी काढलाय, तो दाखवायचा होता…

घंटा झाली. आराखडा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय, पन्नास प्रती आहेत. मागच्या पानावर पत्राचा मसुदा आहे, खाली सहीला जागा सोडली आहे. नद्यांची नावं मी हातानं लिहिली आहेत, कारण छपाईत पवना पुसट आली. जाताना प्रत घ्या, आणि सही आजच करून ठेवा, मी उद्या सकाळी टपालात टाकते.